बाबांना क्रेव्हन कॉटेजवर सामना दाखवायचाय? आधी जागा ठरवा, मग सामना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील 71 वर्षांचे, कोल्हापूरचे, तिथल्या राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या स्थानिक फुटबॉल संघांचे सामने बघत मोठे झालेले. ऑक्टोबरमध्ये आईबाबा दोन आठवडे तुमच्याकडे लीड्सला येणार आहेत आणि त्यातले काही दिवस लंडनला काढायचे आहेत. नवीन काचेचं स्टेडियम नको, जुनं हवं, म्हणून तुम्ही फुलहॅम क्लबचं क्रेव्हन कॉटेज निवडलंत. एका संकेतस्थळावर लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्याची तिकिटं मूळ किमतीच्या तिप्पट दराने दिसली. ती घ्यावीत का, आणि बाबांचे गुडघे दुखतात तर त्यांना कुठे बसवावं, हे तुम्ही विचारलंत.

लंडनमधल्या फुटबॉल मैदानांवर मी बरीच वर्षं स्टुअर्ड म्हणून, म्हणजे प्रेक्षकांची व्यवस्था बघणारा माणूस म्हणून, काम केलं आहे. स्टुअर्ड मैदानाकडे पाठ करून प्रेक्षकांकडे बघत उभा असतो. कोण कुठे अडलं, कुणाला जिना चढवत नाही, कुणाचं तिकीट दारात चाललं नाही, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर घडतं. उत्तर त्या अनुभवातून देतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: ती तिकिटं घेऊ नका. पैसे जास्त जातात हे कारण दुय्यम आहे. इंग्लंडमध्ये क्लबच्या परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, मग ते मूळ किमतीला विकलेलं का असेना. गाण्याच्या कार्यक्रमांना हा नियम नाही, तो खास फुटबॉलसाठी केलेला आहे. दोन संघांचे पाठीराखे वेगवेगळ्या भागांत बसावेत, कोणतं तिकीट कुणाच्या हातात आहे हे क्लबला कळावं, म्हणून तो आला. शिक्षा विकणाऱ्याला होते, पण दारात अडकतो तो घेणारा. तिकीट आता फोनमध्ये असतं आणि कुणातरी सदस्याच्या नावावर असतं. क्लबने ते रद्द केलं की दाराशी लाल दिवा लागतो, आणि तिथे उभा असलेला माझ्यासारखा माणूस काहीही करू शकत नाही. म्हातारे आईवडील, दूरवरून आलेले, आणि मुलगा फोन हातात घेऊन ईमेल दाखवतोय, हे दृश्य मी नको तितक्या वेळा पाहिलं आहे. तिकीट क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या, किंवा क्लबने अधिकृत म्हणून नाव दिलेल्या ठिकाणाहून.

आता खरा मुद्दा. कोणता सामना मिळेल, यापासून तुम्ही सुरुवात केलीत. बाबांसाठी हा क्रम उलटा असायला हवा. त्यांना लिव्हरपूलचा संघ बघायचा आहे की जुन्या मैदानात बसायचं आहे? पत्रावरून मला दुसरं वाटलं. तसं असेल तर समोर कोण आहे याला फार महत्त्व नाही. बाबा कुठल्या खुर्चीत बसणार, हे सगळ्यात आधी ठरवायचं. मग दिवस बघायचे आणि प्रतिस्पर्धी शेवटी.

जागेबद्दल बोलण्याआधी या मैदानाची रचना सांगायला हवी, कारण सगळा निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. फुलहॅम क्लब इथे 1896 पासून खेळतो. जागा थेम्स नदीच्या काठावर आहे. 1780 मध्ये क्रेव्हन नावाच्या उमरावाने इथे शिकारीच्या रानात एक घर बांधलं, ते 1888 मध्ये जळालं. मैदानाला नाव त्या घराचं मिळालं. आज कोपऱ्यात जे टुमदार घर दिसतं ते मात्र 1905 चं. त्या सुमारास लंडनच्या कौन्सिलने सुरक्षिततेवरून आक्षेप घेतला आणि क्लबला पक्कं बांधकाम करावं लागलं. काम दिलं आर्चिबाल्ड लीच या स्कॉटिश अभियंत्याला. हा माणूस महत्त्वाचा आहे. 1902 मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर त्याने आराखडा केलेला, उभं राहून सामना बघायचा लाकडी स्टँड कोसळला आणि 25 माणसं गेली. त्यानंतरही त्याला कामं मिळत राहिली, आणि पुढे लिव्हरपूल, एव्हर्टन, मँचेस्टर युनायटेड, अ‍ॅस्टन व्हिला अशा कितीतरी क्लबांचे स्टँड त्याने बांधले. त्यातले बहुतेक आता पाडले गेले. क्रेव्हन कॉटेजवर स्टीव्हनेज रोडच्या कडेचा त्याचा 1905 चा स्टँड आणि कोपऱ्यातलं ते घर, दोन्ही शाबूत आहेत आणि दोन्हींना संरक्षित वारसा इमारतींचा दर्जा आहे. म्हणून तुमची निवड उत्तम आहे. लंडनमध्ये पहिल्या श्रेणीच्या फुटबॉलला याहून जुनं काही मिळणार नाही.

या स्टँडला आता जॉनी हेन्स स्टँड म्हणतात. हेन्स 1952 ते 1970 फुलहॅमकडून 658 सामने खेळला, इंग्लंडचा कर्णधार होता. 1961 मध्ये खेळाडूंच्या पगारावरची आठवड्याला 20 पौंडांची मर्यादा उठली, तेव्हा आठवड्याला 100 पौंड मिळवणारा पहिला खेळाडू तोच. मोठ्या क्लबांनी बोलावूनही तो फुलहॅम सोडून गेला नाही. बाबांना हे जरूर सांगा. एका पेठेच्या संघासाठी आयुष्य घालवणारे खेळाडू कोल्हापूरकरांना नवे नाहीत. स्टँडबाहेर रस्त्यावरच त्याचा पुतळा आहे. 1966 च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघातला जॉर्ज कोहेन, तोही आयुष्यभर फुलहॅमचाच, त्याचाही पुतळा मैदानावर आहे. आणि बाबांच्या वयाच्या माणसाला एक गोष्ट नक्की आवडेल: पेले 1973 मध्ये सांतोस संघाबरोबर येऊन या मैदानावर खेळून गेला आहे.

आता पेच असा की जुन्या स्टँडमध्ये बसलं की जुना स्टँड दिसत नाही. त्याचं लाल विटांचं दर्शनी अंग रस्त्याच्या बाजूला आहे, आणि कॉटेज त्याच्याच कडेला, पटनी टोकाच्या, म्हणजे पटनीकडच्या गोलपोस्टमागच्या स्टँडच्या, कोपऱ्यात. जुना स्टँड आणि कॉटेज समोरून एकत्र बघायचं तर नदीकडच्या रिव्हरसाइड स्टँडमध्ये बसावं लागतं. तो अलीकडेच नव्याने बांधला आहे, पायऱ्या-जिने सोयीचे आहेत, पण तिकिटं महाग. पटनी टोकाला पाहुण्या संघाचे पाठीराखे बसतात, तिथलं तिकीट घ्यायचं नाही. त्याच्या समोरच्या हॅमरस्मिथ टोकाला घरचे पाठीराखे बसतात, तिथून कॉटेज तिरकं पण छान दिसतं. आवाजही तिथेच जास्त. मात्र खेळ रंगात आला की तिथे पुढची माणसं उभी राहतात, आणि ज्याला झटकन उठता येत नाही त्याला तेवढा वेळ समोरच्याची पाठ बघावी लागते. गोल नेमका तेव्हाच होतो.

मी स्वतः अशा माणसाला जॉनी हेन्स स्टँडमध्ये बसवेन. तिथली जुनी मंडळी वर्षानुवर्षं त्याच खुर्च्यांवर बसणारी, बहुतेक वेळ बसूनच बघतात. वरच्या भागात शंभरहून अधिक वर्षं जुन्या लाकडी खुर्च्या आहेत. त्यांच्यावर बसणं हा एक अनुभव आहे यात शंका नाही, पण त्या अरुंद आहेत, पाय पसरायला जागा नाही, आणि वर जायला जिने चढावे लागतात. शिवाय छत तोलणारे खांब मधे येतात. 1905 मध्ये असं मोठं छत खांबांशिवाय उभं करता येत नव्हतं, त्यामुळे काही खुर्च्यांवरून गोलपोस्टचा अर्धा भाग दिसतच नाही. खालच्या भागात गुडघ्यांना बरं पडतं, खेळ हाताच्या अंतरावर येतो, पण अगदी पुढच्या रांगांवर पावसाची झड येते.

म्हणून गुडघे किती दुखतात यावर हे ठरेल, आणि ते तुम्हालाच माहीत. एक मजला जिना धरून सावकाश चढता येत असेल तर वरच्या लाकडी खुर्च्या, नसेल तर खालचा भाग, मधल्या रांगा. दोन्हीकडे एक गोष्ट सोडू नका: बाबांची खुर्ची रांगेच्या टोकाची, वाटेला लागून असायला हवी. पाय मोकळा करता येतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी मांडी मुडपून उठावं लागलं तरी वाटेत सरकता येतं. संकेतस्थळावरचा नकाशा हे नीट सांगत नाही. तिकीट कार्यालयाला फोन करा, वय आणि गुडघे सांगा, खांब कुठे येतो ते विचारा. चालणं फारच अवघड असेल तर क्लबमध्ये अपंग आणि वृद्ध प्रेक्षकांची सोय बघणारी वेगळी माणसं असतात, त्यांच्याकडे जोडून द्यायला सांगा. ज्येष्ठांसाठी सवलतीचा दर असतो, वयाची अट त्याच फोनवर विचारून घ्या. बाबांना वर्णन वाचून दाखवा आणि कुठे बसायचं ते त्यांनाच ठरवू द्या. लाकडी खुर्चीसाठी जिना चढायला तयार होणारे पुष्कळ वडील मी पाहिले आहेत.

रस्त्यावरचं ते विटांचं दर्शनी अंग मात्र आत शिरण्याआधी बघायचं. स्टीव्हनेज रोड ही घरांची साधी गल्ली आहे, एका बाजूला लोकांची दारं आणि दुसऱ्या बाजूला स्टेडियम. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत वाढलेल्या माणसाला मैदान आणि घरं इतकी जवळ असणं ओळखीचं वाटेल.

आता दिवस. फुलहॅम खेळतो त्या प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत, 20 संघ, प्रत्येकाचे 38 सामने, त्यातले 19 घरच्या मैदानावर. वेळापत्रक जूनमध्ये जाहीर होतं, पण त्यातली तारीख पक्की समजू नका. सुरुवातीला बहुतेक सामने शनिवारी दुपारी 3 ला दाखवलेले असतात. नंतर टीव्हीवाले आपल्याला हवे ते सामने उचलतात आणि ते शुक्रवारी रात्री, शनिवारी दुपारी साडेबारा किंवा संध्याकाळी साडेपाच, रविवारी, कधी सोमवारी रात्री जातात. शनिवारी 3 चे सामने ब्रिटनमध्ये टीव्हीवर थेट दाखवत नाहीत, म्हणून दाखवायचा सामना हलवावाच लागतो. शिवाय गुरुवारी युरोपातल्या स्पर्धेत खेळलेल्या संघाला रविवार दिला जातो. लिव्हरपूलसारखा संघ टीव्हीला हवाच असतो, त्यामुळे तोच सामना हलण्याची शक्यता सगळ्यात जास्त. छोट्या संघाविरुद्धचा सामना शनिवारी 3 ला राहण्याची आशा बरी असते, आणि इंग्लिश फुटबॉलची जुनी वेळ तीच.

ऑक्टोबरबद्दल आणखी एक सावधगिरी. शरद ऋतूत देशादेशांच्या सामन्यांसाठी लीगला सुट्टी असते. तिच्या तारखा दर वर्षी सारख्या नसतात, कधी ऑक्टोबरचा दुसरा आठवडा जातो, कधी सप्टेंबरचा शेवट धरून पहिला. त्या काळात पहिल्या दोन श्रेणींत सामने नसतात. आईबाबांची विमानाची तिकिटं काढण्याआधी ही सुट्टी बघा. दोन आठवड्यांच्या मुक्कामात एक आठवडा तिच्यात गेला आणि दुसऱ्यात फुलहॅम परगावी खेळत असेल तर काहीच हाती लागणार नाही. मुक्काम असा निवडा की त्यात फुलहॅमचे दोन घरचे सामने येण्याची शक्यता राहील. लंडनचे दिवस शुक्रवार ते सोमवार असे सलग ठेवा, आणि लीड्सहून येण्याची रेल्वेची स्वस्त, परत न होणारी तिकिटं टीव्हीची निवड जाहीर झाल्यावरच काढा.

तारखा जुळल्याच नाहीत तर खालच्या श्रेणींकडे बघा. सुट्टीच्या आठवड्यातही तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतले बरेच सामने होतात, तिकीट सहज मिळतं, आणि प्रेक्षक हाकेच्या अंतरावर असतात. शाहू स्टेडियमवर वाढलेल्या माणसाला तिथे प्रीमियर लीगपेक्षा जास्त घरच्यासारखं वाटेल असं मला मनापासून वाटतं.

प्रतिस्पर्ध्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चेल्सी शेजारचा क्लब आहे. तो, आर्सेनल, टॉटनहॅम, लिव्हरपूल, मँचेस्टरचे दोन्ही, हे सामने सदस्यांतच संपतात आणि महागही असतात. तिकिटं आधी वर्षभराच्या पासधारकांना, मग सदस्यांना, मग उरली तर सगळ्यांना, अशा क्रमाने निघतात. क्लबचं सदस्यत्व थोड्या पैशांत मिळतं. दोघातिघांसाठी ते घेतलं तर हवी ती खुर्ची निवडायला वाव मिळतो, आणि तुमच्या बाबतीत खुर्चीच महत्त्वाची आहे, म्हणून मी घ्या म्हणेन. लीगच्या तक्त्यात मध्यावर असलेला, फार दूरचा नसलेला संघ समोर असेल असा सामना निवडा.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: तिकीट फक्त क्लबकडून, वाटेला लागून असलेली खुर्ची, शुक्रवार ते सोमवार मोकळे, आणि मोठं नाव नसलेला प्रतिस्पर्धी.

सामन्याच्या दिवशी काय घडतं तेही सांगतो, कारण कोल्हापूरच्या सवयी इथे दोनतीन ठिकाणी अडतील. प्रेक्षकाने मैदानात पाऊल ठेवणं 1991 पासून गुन्हा आहे. जिंकल्यावर खेळाडूला खांद्यावर घ्यायला धावणं, फटाके, धूर, काहीही चालत नाही. हलगी विसरा, पण गळा काढून ओरडायला पूर्ण मुभा आहे. घरच्या भागात बसून पाहुण्या संघाच्या गोलला टाळ्या वाजवल्या तर स्टुअर्ड येऊन बाहेर काढू शकतो. पाहुण्या संघाचा शर्ट किंवा मफलर घालूनही तिथे बसता येत नाही. खुर्ची बदलून रिकाम्या जागी जाऊन बसू नका. बिअर मैदान दिसेल अशा जागी पिता येत नाही, हा 1985 चा नियम आहे. आतल्या मोकळ्या जागेत पिऊन मग यायचं.

या कडकपणामागे फार मोठं दुःख आहे. 15 एप्रिल 1989 ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत 97 माणसं गेली, सगळे लिव्हरपूलचे पाठीराखे. पोलिसांनी गर्दी हाताळण्यात केलेल्या चुका त्याच्या मुळाशी होत्या, पण कित्येक वर्षं दोष पाठीराख्यांनाच दिला गेला. त्यानंतरच्या चौकशी अहवालामुळे वरच्या श्रेणीतल्या मैदानांवरून उभं राहून बघायचे स्टँड गेले आणि खुर्च्या आल्या. क्रेव्हन कॉटेजवर उभे राहणारे प्रेक्षक 2002 पर्यंत होते, कारण क्लब त्याआधी बरीच वर्षं खालच्या श्रेणींत होता. मग दोन वर्षं फुलहॅम दुसऱ्या क्लबच्या मैदानावर खेळला आणि 2004 मध्ये परत आला. हे मैदान कायमचं सोडायची वेळ त्या काळात अगदी जवळ आली होती. पाठीराख्यांनी रेटा लावला म्हणून ते टिकलं. तुमचे बाबा ज्या खुर्चीत बसतील ती आज तिथे आहे, त्यात या लोकांचा मोठा वाटा आहे.

जाण्याचा मार्ग. डिस्ट्रिक्ट लाइनने पटनी ब्रिज स्टेशन. तिथून बिशप्स पार्कमधून नदीकाठाने साधारण वीस मिनिटं सपाट चालणं, मोठ्या झाडांखालून. गर्दी त्याच दिशेने जात असते, रस्ता विचारावा लागत नाही. वाटेत लंडनच्या बिशपचा जुना वाडा, फुलहॅम पॅलेस लागतो. लवकर निघालात तर आईंना तिथली बाग आवडेल आणि बाबांच्या गुडघ्यांना विसावाही मिळेल. स्टेशनवर जिने आहेत. ते नको असतील तर फुलहॅम पॅलेस रोडवरून जाणारी 220 क्रमांकाची बस बरी. शनिवार-रविवारी मेट्रोची दुरुस्तीची कामं निघतात, आदल्या दिवशी तपासा.

सामन्याआधी तासभर तरी दाराशी पोहोचा. जुन्या स्टँडची फिरती दारं अरुंद आहेत, जाड कोट घातलेल्या माणसाला अंग चोरून शिरावं लागतं. बाबांना त्रास होणार असेल तर रांगेत लागण्याआधीच जवळच्या स्टुअर्डला सांगा, तो बाजूचं दार उघडून देतो. हे मागायला संकोच करू नका, आम्ही त्यासाठीच तिथे असतो. पाठीवरची मोठी बॅग नको, A4 आकाराच्या कागदाएवढी पिशवी पुरे. थोडं घरचं खाणं सहसा आत जाऊ देतात, काचेची बाटली आणि पेयांचे पत्र्याचे डबे मात्र नाहीत. तिकिटाचा स्क्रीनशॉट चालत नाही, फोन चार्ज केलेला हवा आणि तिकिटं आदल्या रात्रीच उतरवून घेतलेली हवीत. मैदान नदीला लागून आहे, ऑक्टोबरात संध्याकाळी वारा बोचतो, म्हणून कानटोपी आणि बसायला काहीतरी जाडसर न्या.

मध्यंतर 15 मिनिटांचं असतं आणि जुन्या स्टँडमध्ये स्वच्छतागृहं कमी आहेत. बाबांना 40 व्या मिनिटालाच उठवा, नाहीतर दुसऱ्या भागाची सुरुवात रांगेतच जाईल.

सामना संपल्यावर लगेच निघू नका. शेवटच्या शिट्टीनंतर हजारो माणसं त्याच पार्कातून त्याच स्टेशनकडे निघतात आणि पटनी ब्रिजच्या दाराशी मोठी रांग लागते. पंधरा-वीस मिनिटं खुर्चीतच बसून राहा, स्टुअर्ड सहसा घाई करत नाहीत. स्टँड रिकामा झाला की बाबांना खाली कठड्यापर्यंत घेऊन जा. तिथून कोपऱ्यातलं कॉटेज आणि त्याची बाल्कनी मधे कुणाचीही पाठ न येता दिसते, आणि हव्या त्या जागेवरून फोटो काढता येतो.